प्रवाळाचे जेवण आणि अतिनील दिवा



आपल्या ग्वाल्हेरला समुद्र नाही, पण अतिनील दिवा अनेक घरांत आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या पुष्कळ यंत्रांत तो असतो. मोठ्या मत्स्यालयांत प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीलाही असाच दिवा लावतात. तेथे मात्र एक अडचण येते. ती आज आपण समजून घेऊ.

अंगठीतल्या पोवळ्यामुळे प्रवाळ हा दगड आहे असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे पोवळे हा एका सागरी प्राण्याचा सांगाडा आहे. खडक रचणारे प्रवाळही प्राणीच. त्यांच्या चुन्याच्या घरावर हजारो लहान जीव राहतात. प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती स्पर्शिका असतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून बराचसा वाटा प्रवाळाला देते. पण वाढीसाठी नायट्रोजन व फॉस्फरसही लागतात. म्हणून बहुतेक प्रवाळ रात्री स्पर्शिका पसरून पाण्यात तरंगणारे बारीक जीव पकडतात.

अतिनील किरण सूक्ष्म जीवांच्या डी.एन.ए.ला इजा करतात, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. पण रोगजंतू कोणता आणि प्रवाळाचे जिवंत अन्न कोणते, हे दिव्याला कळत नाही. समोरून जो जाईल तो सापडेल! उलट खडकाला किंवा माशाच्या अंगाला चिकटलेले जंतू दिव्यासमोर येतच नाहीत, ते वाचतात.

म्हणून जेवणाची वेळ आणि सफाईची वेळ वेगळी ठेवतात:

१. टाकीतला उजेड कमी करून स्पर्शिका उघडण्याची वाट पाहावी.
२. दिवा आणि त्यात पाणी सोडणारा पंप, दोन्ही बंद करावेत. पाणी थांबून दिवा चालू राहिला तर तो तापतो. गाळणीही बंद ठेवावी, नाही तर अन्न तिच्यात जाते.
३. नळीने थोडे अन्न प्रवाळाजवळ सोडावे. उरलेले अन्न कुजले की नको असलेले शेवाळ वाढते.
४. अर्ध्या-एक तासाने सर्व पुन्हा सुरू करावे.

दिवा निळा दिसतो म्हणजे तो काम करतोच असे नाही. साधारण वर्षभराने त्याची शक्ती घटते. पालकांनी घरच्या यंत्राचा दिवाही वेळेवर बदलावा. मुलांनी तो उघडा कधीही पाहू नये, डोळ्यांना इजा होते.

हा पाठ प्रवाळ घरी आणण्यासाठी नाही. खडक रचणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे व विकणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात मालवणला प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ चे. विजयदुर्गपासून दूर खोल समुद्रात आंग्रिया बँक हे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. त्यांच्याच घराण्यातले सरदार आंग्रे ग्वाल्हेर दरबारी होते. नाव आपल्या ओळखीचे आहे, आता त्या पठारावरच्या जीवांचीही ओळख ठेवू या.

विचार करा: टाकीतल्या खडकावरचे जंतू अतिनील दिव्याने का मरत नाहीत? उत्तर दोन वाक्यांत लिहा.