हेडफोन जॅक गेला, सोय वाढली का?

प्रश्न : फोनमधला हेडफोन जॅक काढणे ही खरेच सुधारणा आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक काढला, तेव्हा आत जागा मिळते आणि पाण्यापासून बचाव होतो, अशी कारणे पुढे आली. जागेचा मुद्दा खरा. पण त्याच वर्षीचा सॅमसंग गॅलक्सी एस ७ जॅक ठेवूनही पाण्यापासून बचावाच्या आयपी ६८ दर्जाचा होता, आयफोन ७ मात्र त्याखालच्या आयपी ६७ दर्जाचा. बिनतारी इअरफोन सुटसुटीत असतात हे मान्य, पण जॅक असतानाही ते वापरता येत होतेच! वाढला तो चार्जिंगचा व्याप, आणि इवलीशी बॅटरी दमली की बहुधा अख्खी जोडीच बदलावी लागते. तारेच्या स्वस्त इअरफोनला हे दुखणे नव्हते. जॅक असलेले फोन आजही मिळतात. खरेदीपूर्वी ते जरूर पाहा.