कोरड्या हवेत नेच्याची जोपासना

वळसंग हा अवर्षणप्रवण टापू. चैत्र-वैशाखात येथे पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. नेफ्रोलेपिस हा घरोघरी लावला जाणारा नेचा मूळचा दमट, उष्ण प्रदेशांतील. येथे तो टिकत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तुतः त्याला जाचते ती उष्णतेपेक्षा कोरडी हवा व क्षारयुक्त पाणी. पाने करपली म्हणून कुंडी सतत भरत राहिल्यास मुळे मात्र कुजतात.

कुंडी मातीचीच घ्यावी. शेतातील काळी माती वापरू नये. ती ओली असता चिकटते व वाळली की भेगाळते. दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड वाळू व थोडे कोळशाचे तुकडे पुरेत. ओसरीवर, झळा न लागणाऱ्या उजेडात, शक्य तर पाण्याच्या रांजणाशेजारी, ओल्या वाळूच्या परातीत कुंडी ठेवावी. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरू लागल्यास विहिरीचे पाणी थांबवून साठविलेले पावसाचे पाणी द्यावे.

पानांच्या पाठीवर कडेने ओळीत तपकिरी ठिपके दिसतात. ज्वारीवरील तांबेरा पाहिलेला शेतकरी घाबरून पानेच खुडतो! ते बीजाणूंचे पुंजके होत. नेच्याला फूल व बी नसते. त्याची प्रजा या बीजाणूंपासून वाढते. त्यावर औषध फवारू नये.