ओळखीची हाक

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• ध्वनीच्या फाइलपासून रिंगटोन कशी तयार होते, हे क्रमाने सांगू शकाल;
• फाइलचे नाव आणि फाइलचे स्वरूप यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• दुसऱ्याचे गाणे वापरताना पाळावयाची मर्यादा सांगू शकाल.

प्रस्तावना
रायपूर शहरातील पंडरी हा भाग घाऊक कापडबाजारासाठी प्रसिद्ध आहे. लग्नसराईत तेथे ग्राहकांची वर्दळ आणि दुकानदारांच्या हाका यांचा एकच कल्लोळ असतो. अशा वेळी एखादा मोबाइल वाजला की चार-पाच जणांचे हात एकदमच खिशाकडे जातात, कारण अनेकांच्या मोबाइलवर कंपनीने दिलेली तीच धून असते. कधी याच्या उलटही घडते. 'दुसऱ्या कोणाचा असेल' असे समजून सारेच दुर्लक्ष करतात आणि घरून आलेला तातडीचा निरोप तसाच राहून जातो. स्वतःची वेगळी रिंगटोन ही केवळ हौस नसून गरजही असू शकते, ती अशी.

घंटेपासून धुनेपर्यंत
जुन्या दूरध्वनीत विजेवर चालणारी खरीखुरी घंटा असे. मोबाइल आला आणि घंटेची जागा धुनेने घेतली. स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ सालच्या 'ग्रान वाल्स' या रचनेतील मोजके स्वर नोकिया कंपनीने १९९० च्या दशकात घेतले आणि ते जगभर ओळखीचे झाले. पुढे मोबाइलमध्ये प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण वाजू लागले, तेव्हा कोणताही आवाज घंटेचे काम करू शकेल, अशी सोय झाली.

तयार करण्याची रीत
प्रथम मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत करावी आणि काम त्या प्रतीवरच करावे. ऑडॅसिटीसारखी मोफत प्रणाली संगणकावर यासाठी उपयोगी पडते. मोबाइलवरही अशी अ‍ॅप्स मिळतात.

मग नेमका तुकडा निवडावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मोबाइलची घंटा वाजण्याचा अवधी ३० सेकंद ठरवला. त्याहून लांब तुकड्याचा शेवट सहसा ऐकूच येत नाही. आरंभी सहा सेकंद शांतता असेल, तर अवधीचा पाचवा भाग वाया जातो. म्हणून आवाज पहिल्या क्षणापासून स्पष्ट असावा. वाढत्या वयात उंच पट्टीचे सूर आधी ऐकू येईनासे होतात; वृद्धांसाठी फार तीक्ष्ण धून निवडू नये.

यानंतर फाइलचे रूपांतर करावे. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या, अशा संक्षेप न केलेल्या ध्वनीच्या ३० सेकंदांना सुमारे ५३ लाख बाइट लागतात. तोच तुकडा सेकंदाला १,२८,००० बिटांच्या एमपी३ स्वरूपात सुमारे ४ लाख ८० हजार बाइटांत मावतो. अँड्रॉइड मोबाइलला एमपी३ चालते. आयफोनच्या रिंगटोनचे रूढ स्वरूप एम४आर हे आहे.

येथे एक गैरसमज टाळावा. एमपी३ फाइलच्या नावाचे शेपूट बदलून 'एम४आर' लिहिल्याने रूपांतर होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतली डाळ साखर होत नाही, तसेच हे आहे.

शेवटी अँड्रॉइड मोबाइलमधील 'रिंगटोन्स' या फोल्डरमध्ये फाइल ठेवून सेटिंगमधील ध्वनीच्या विभागातून ती निवडावी. एखाद्या व्यक्तीच्या नावापुढे स्वतंत्र रिंगटोनही लावता येते. त्यामुळे मोबाइल न पाहताच घरचा फोन ओळखता येतो.

कोणाचा आवाज?
प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. खाजगी वापरापुरत्या उचित व्यवहारास कायद्यात मुभा आहे. मात्र त्या गाण्याची रिंगटोन करून विकायची असेल, तर हक्कधारकाची परवानगी हवी.

घरातल्या आवाजाला हे बंधन नाही. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. त्या काळापासून मराठी कुटुंबे येथे येत राहिली. आज अशा अनेक घरांत मुलांचा दिवस हिंदीत आणि छत्तीसगढीत जातो. त्या घरातील आजीने जात्यावरची ओवी म्हटली आणि नातवाने तिच्या संमतीने ती मुद्रित केली, तर गर्दीतही तो आवाज त्याला अचूक ओळखता येईल. रिंगटोनसाठी ३० सेकंद पुरेत. परंतु संपूर्ण ध्वनिमुद्रण निराळे जपून ठेवावे. यंत्र बदलता येते; आवाज मात्र पुन्हा मिळेलच असे नाही.

पाठगत प्रश्न
१. मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत का करावी?
२. रिंगटोनच्या आरंभी शांतता का नसावी?
३. 'डब्यावरची चिठ्ठी' या दृष्टान्तातून काय स्पष्ट होते?

उपक्रम
घरातील ज्येष्ठ व्यक्तीची संमती घेऊन तिच्या आवाजातील ओवी, म्हण किंवा हाक मुद्रित करा. ती लिहून काढा व अपरिचित शब्दांचे अर्थ त्या व्यक्तीला विचारा.