घराच्या फाटकापासून ओसरीपर्यंत : काळ्या मातीवरील काँक्रीटची वाट

ज्या काळ्या मातीच्या बळावर आदिलाबाद जिल्ह्यातील कापूस, ज्वारी, तूर व सोयाबीन यांचा व्यापार उभा आहे, तीच माती घराच्या अंगणाशी मात्र वैर धरते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवर सरळ काँक्रीट ओतले, तर थोड्याच पावसाळ्यांत त्याचे तुकडे होतात आणि गृहस्थ सिमेंटला दोष देत बसतो. वस्तुतः बहुतेक वेळी दोष सिमेंटचा नसून खालच्या मातीचा, वरच्या पाण्याचा व मधल्या घाईचा असतो.

फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट ही केवळ शोभेची बाब नव्हे. आपल्यापैकी अनेकांची घरे व गुदामे एकाच आवारात आहेत. वाटेचा उतार चुकला की पावसाचे पाणी गुदामाच्या उंबऱ्याशी साचते, ओल भिंतीतून थप्पीपर्यंत पोहोचते आणि खालची पोती कुबट होतात. घरातील वडीलधाऱ्या माणसांचा पाय घसरतो तोही याच वाटेवर. सबब, हे काम गवंड्यावर सोपवून मोकळे न होता त्यातील कार्यकारणभाव प्रत्येक गृहस्थाने समजून घ्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

थोडा पूर्वेतिहास

इंग्लंडातील लीड्स येथील गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. अमेरिकेत ओहायो राज्यातील बेलफाँटेन या गावी १८९१ साली काँक्रीटची सडक झाली. ती त्या देशातील अशा प्रकारची पहिली सडक मानली जाते. हिंदुस्थानात पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचाच आहे. आपल्या बाजूस तर सिमेंटला लागणारा चुनखडक पायाखालीच आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील व आता मंचिर्याल जिल्ह्यात गेलेले देवापूर, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस व गडचांदूर ही गावे सिमेंटच्या कारखान्यांमुळेच सर्वांस परिचित आहेत. अर्थात माल दारात मिळतो; उणीव असते ती रीतीची.

मातीची परीक्षा

काळ्या मातीतील अतिसूक्ष्म चिकण कण आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी शोषून घेतात व फुगतात. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली माती दोन सारख्या उभट काचपात्रांत समप्रमाणात घालावी. एकात पाणी व दुसऱ्यात घासलेट ओतून, ढवळून एक अहोरात्र ठेवावे. घासलेटात माती फुगत नाही. पाण्यात ती जितकी अधिक वर चढेल तितकी तिची फुगण्याची प्रवृत्ती मोठी. पाण्यातील माती दीडपट वा अधिक दिसली, तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. प्रयोगानंतर घासलेट विस्तवापासून दूर ठेवावे, हे सांगणे नलगे.

मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात या मातीचा सखोल अभ्यास केला. फुगीर मातीवर न फुगणाऱ्या, परंतु परस्परांस धरून राहणाऱ्या मातीचा थर दिल्यास खालची हालचाल आटोक्यात येते, असे त्यांनी दाखविले. आपल्याकडील चांगला मुरूम हे काम करू शकतो. मात्र आणलेल्या मुरुमाचीही वरील परीक्षा घ्यावी, कारण मुरुमाच्या नावाखाली पुष्कळदा माती येते.

पाया व उतार

मालाने भरलेले वाहन जाणार असेल तर काळी माती सुमारे ६० सेंटिमीटर खोल काढावी. त्यापैकी ४५ सेंटिमीटर मुरूम व वरचे १५ सेंटिमीटर काँक्रीट असा हिशेब धरावा. केवळ घरच्या मोटारीसाठी १० सेंटिमीटर जाडी चालू शकते. परंतु एकदा तरी मालमोटार आत येणारच, हे ध्यानी घ्यावे. मुरूम एकदम न टाकता १५ सेंटिमीटरांच्या तीन थरांत टाकावा आणि प्रत्येक थर किंचित ओला करून धुमसाने वा रोलरने ठोकावा. खोदलेल्या चराच्या बाजूने पाणी आत शिरून साचू लागले, तर मुरुमाचा थरही व्यर्थ होतो. म्हणून वाटेच्या कडेने नाली हवीच. पृष्ठभागास दर मीटरला २ सेंटिमीटर उतार द्यावा आणि तो घराकडून बाहेर असावा. ओसरीकडे कदापि नसावा.

सिमेंट, रेती, गिट्टी व पाणी

धान्याचा व्यापारी ज्या नियमाने पोती ठेवतो, त्याच नियमाने सिमेंट ठेवावे. थप्पी फळ्यांवर व भिंतीपासून दूर असावी, दहा पोत्यांहून उंच नसावी आणि आधी आलेला माल आधी वापरावा. पोत्यावर छापलेला उत्पादनाचा काळ पाहून घ्यावा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट परीक्षेवाचून घेऊ नये.

एक भाग सिमेंट, दीड भाग रेती व तीन भाग गिट्टी हे घरगुती कामास पुरेसे प्रमाण आहे. ५० किलोच्या पोत्यातील सिमेंट सुमारे ३५ लिटर भरते; तेवढ्या मापाची पेटी करून रेती व गिट्टी मोजावी, घमेल्यांचा अंदाज नको. उदाहरणार्थ, १० मीटर लांब, ३ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर जाड वाटेस साडेचार घनमीटर काँक्रीट लागते. त्यासाठी सुमारे ३६ पोती सिमेंट, दोन घनमीटरांच्या आत रेती व पावणेचार ते चार घनमीटर गिट्टी असा अंदाज बसतो. ठेकेदाराने २४ पोत्यांत काम सांगितले, तर उरलेली १२ पोती कोठे वाचली, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

पाण्याचे माप सर्वांत महत्त्वाचे. एका पोत्यास २२ ते २५ लिटर पाणी पुरते आणि ओल्या रेतीतील पाणीही त्यातच धरावयाचे. काम हलके व्हावे म्हणून मजूर आणखी बादली ओततात. परंतु सिमेंटला न लागणारे पाणी पुढे उडून जाते व जागोजागी छिद्रे सोडते. मग पृष्ठभाग भुगा होऊन निघतो. आदिलाबादच्या उन्हाळ्यात तर पहाटे किंवा दिवस कलल्यावरच काम करावे आणि कालवलेला माल अर्ध्या तासात जागी पडावा. सिमेंटचे पाणी कातडी जाळते. म्हणून बिगाऱ्यांना रबरी मोजे व बूट देणे हे मालकाचे कर्तव्य समजावे. त्यांच्या हातांची किंमत आपल्या अंगणाहून कमी नाही.

सांधे

काँक्रीट आक्रसते व त्यास तडा जातो, हा त्याचा धर्म होय. तडा कोठे जावा, एवढेच आपल्या हाती असते. वरील १० मीटरांच्या वाटेचे तीन सारखे भाग करावेत. काँक्रीट टाकल्यापासून ६ ते १८ तासांच्या आत जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ४ ते ५ सेंटिमीटर खोल चीर यंत्राने पाडावी. तडा त्या चिरेखाली दडून राहतो. भिंत, खांब व जोते यांच्यालगत पट्टी घालून मोकळा सांधा ठेवावा. घर व वाट एकमेकांस जखडली, तर दोघांचेही नुकसान होते. पृष्ठभाग गुळगुळीत न करता झाडू फिरवून खरखरीत ठेवावा, म्हणजे पावसात पाय घसरत नाही.

पाणी देणे

येथेच बहुतेकांची कामे बिघडतात. ठेकेदार दुसऱ्या दिवशी निघून जातो आणि पाणी देणे कोणाच्याच हिशेबात नसते. काँक्रीट वाळून नव्हे, तर ओले राहून पक्के होते. आपल्या कडक हवेत चौदा दिवस ते अखंड ओले ठेवावे. मातीचे बांध घालून पाणी साचवावे, अथवा ओले बारदान अंथरावे. बारदान आपल्याकडे मुबलक असते. परंतु गूळ वा साखरेचे बारदान धुतल्यावाचून वापरू नये, कारण साखरेचा अंश ताज्या सिमेंटचे घट्ट होणे रोखतो. घरातील एका जबाबदार व्यक्तीवर हे काम नावानिशी सोपवावे आणि ठेक्याचा शेवटचा हप्ता चौदा दिवसांनंतरच द्यावा, असे करारात लिहून घ्यावे. एका दिवसानंतर माणसांनी चालावे, सात ते दहा दिवसांनंतर मोटार न्यावी. भरलेली मालमोटार मात्र अठ्ठावीस दिवसांआधी आत घेऊ नये.

निगा

दरवर्षी मृगापूर्वी सांधे साफ करून त्यांत डांबरी वा लवचिक भरण भरावे, नाली उपसावी व मुळे वाढवून फरशी उचलणारी झाडे पाहून ठेवावीत. शेंगदाणा वा सरकीचे तेल सांडले, तर राख टाकून लगेच पुसावे व धुवावे. असे तेल काँक्रीट पोखरते. तेजाबाने डाग काढण्याचा मोह टाळावा. रुंदावणारा तडा कोऱ्या सिमेंटने लिंपला तर शेजारी दुसरा पडतो. तो छिन्नीने साफ करून लवचिक भरणानेच बुजवावा. एखादा भाग खचला असेल तर आधी नळ व नाली तपासावी, कारण पाण्याची गळती तशीच राहिली तर दुरुस्ती टिकत नाही.

एक सूचना अखेरीस करावीशी वाटते. सारे आवार काँक्रीटने झाकू नये. चाकांची व पावलांची वाट पक्की करावी. उरलेल्या जमिनीत पावसाचे पाणी मुरू द्यावे आणि तेथे एखादा कडुनिंब राहू द्यावा. विहिरीला पाणी व अंगणाला सावली, या दोन्ही गोष्टी सिमेंट देऊ शकत नाही. माल पारखून घेणारा व्यापारी आपल्या दाराची वाटही पारखून बांधील, तर हा खर्च पुढील पिढीच्या खात्यावर शिल्लक म्हणून जमा होईल.