अंगानं बारीक, लिव्हर जाड

आमच्या घराण्यात पोट सुटलं की तब्येत सुधारली म्हणतात. माझे हातपाय काटकुळे, वजन उंचीच्या मानानं बेताचं, त्यामुळे शर्टाखालचं पोट कुणाच्या नजरेत भरत नसे. पित्ताच्या खड्याचा संशय आला म्हणून सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टच्या शेवटी ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ आलं. मी दारूला शिवत नाही, तरी नातेवाइकांच्या नजरा बदलल्या, हे आपलं जाता जाता. रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम, नॉर्मल होतं. ‘हल्ली सगळ्यांनाच असतं, तेलकट कमी खा,’ असं म्हणून डॉक्टरांनी लिव्हर टॉनिक लिहून दिलं आणि विषय मिटला. पुढे साखर वाढली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी वजनकाटा बाजूला ठेवून टेप काढली. पोटाचा घेर ९६ सेंटिमीटर! पॅन्ट मात्र चौतीसचीच, कारण पट्टा पोटाच्या खाली बांधायची सवय.

घेर वाढला म्हणजे पोटात चरबी साठली. आणि चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, हा आपला समज. खरं तर ती एखाद्या ग्रंथीसारखी हार्मोन सोडत असते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं यातल्याच लेप्टिन या हार्मोनचा जीन शोधला. साठा पुरेसा आहे, आता खाणं आवर, असं लेप्टिन मेंदूला कळवतं. चरबी फार वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. चरबीतूनच सुटणाऱ्या ॲडिपोनेक्टिन या दुसऱ्या हार्मोनची तऱ्हा उलटी. लिव्हरमधली चरबी जाळायला आणि इन्सुलिनचा अंमल टिकवायला ते मदत करतं, आणि पोटातली चरबी वाढली की नेमकं तेच घटतं. शिवाय आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातं. सुटी झालेली फॅटी ॲसिडं आणि दाह वाढवणारी रसायनं पहिल्यांदा तिथंच पोचतात.

‘तेलकट कमी खा’ हा सल्ला त्यामुळेच अपुरा. अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या काही लठ्ठ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या लिव्हरमधल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीतून सुटून आलेली होती, २६ टक्के लिव्हरनं साखर-पिठापासून स्वतः बनवलेली, आणि खाल्लेल्या तेलातुपातून थेट आलेली जेमतेम १५ टक्के. भजी सोडून दिवसभर गोड चहा पिणाऱ्यांनी मधला आकडा पुन्हा वाचावा.

आणि बारीक माणसाचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. मला तो फोटो दाखवला तेव्हा आधी हसू आलं, मग नाही.

तेव्हा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर धोका मानतात. एसजीपीटी नॉर्मल म्हणून निश्चिंत राहू नका. लिव्हर कडक होत असतानाही ते नॉर्मल असू शकतं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-फोर’ नावाचा आकडा निघतो. तो काढायला डॉक्टरांना सांगा, वेगळा खर्च नाही. १.३ च्या वर गेला तर लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचं विचारा. पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात. लेप्टिन-ॲडिपोनेक्टिनच्या तपासण्या पॅकेजमध्ये कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा, रोजच्या उपचारात त्यांनी काही ठरत नाही.

वजन जास्त असलेल्यांनी सात ते दहा टक्के उतरवलं तर लिव्हरची सूजही ओसरते. माझ्यासारख्या बारकुड्यांना तीन ते पाच टक्केही उपयोगी पडतात. पण ते उपाशी राहून नको. त्यात आधीच कमी असलेले स्नायू झडतात. मी चहातली साखर बंद केली, ताटातला भात निम्मा करून उसळ वाढवली, आणि चालण्याच्या जोडीला उठाबशा धरल्या. टॉनिकची बाटली आणणं सोडलं. डायबेटीस असलेल्यांनी मात्र फिब-फोर दर एक-दोन वर्षांनी काढत राहावं, घेर कमी झाला तरीही.