आधी लाइन मोज

बाबू, भामरागडात राहून व्हॉल्व्हचा गिटार अँप बांधतोस, तर एका सवयीपासून लांब राहा. हा कंडेन्सर बदलून बघू, तो व्हॉल्व्ह बदलून बघू, ही ती सवय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याचं दुकान आहे त्याला ते परवडतं. तुझ्याकडे साधा रेझिस्टन्ससुद्धा आलापल्लीवरून जंगलातून येणार, आणि पर्लकोटा नदी चढली असेल तर ती उतरेपर्यंत येणारच नाही. म्हणून तुझं पहिलं हत्यार मीटर आणि दुसरं वही. भाग बदलायचा तो शेवटी, आकड्याने त्याचंच नाव घेतलं तर.

आणि मोजायला सुरुवात अँपच्या बाहेरून कर. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याने २३० व्होल्ट धरून गणित केलेलं असतं. संध्याकाळी मीटर १८० दाखवत असेल, तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ च्या जागी पाचही धड मिळत नाहीत, आणि आतला मोठा व्होल्टेजही त्याच हिशेबाने खाली बसतो. आवाज मलूल येतो, जोर लावला की फाटतो. मग पोरं चांगला व्हॉल्व्ह उपटून बाजूला ठेवतात आणि नव्याची ऑर्डर देतात. वहीत प्रत्येक तपासणीचा पहिला आकडा लाइनचा लिही, बाजूला वेळ टाक. बाकीचे आकडे त्याच्याकडे बघूनच वाचायचे.

आता जिवाचं ऐक. ट्रान्झिस्टरच्या मशीनमध्ये हात घालून बसायची तुला सवय आहे, ती इथे चालणार नाही. इथे आत तीनशेच्या वर डीसी खेळतो, आणि प्लग काढला तरी मोठे कंडेन्सर तो धरून बसतात. १० किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टन्स घे, त्याला रबरी टोपणाच्या दोन क्लिपा जोड. एक चासीला, दुसरी कंडेन्सरच्या प्लसला लावून दहाएक सेकंद थांब. मीटर दहा व्होल्टच्या खाली आला की मगच बोट आत. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिले. बघणाऱ्याला गंमत वाटते, कंडेन्सरचं आयुष्य जातं. चालू मशीनवर मोजताना काळी तार चासीला क्लिपने अडकव आणि डावा हात खिशात ठेव. हेमलकशाचा लोकबिरादरीचा दवाखाना जवळ आहे खरा, पण नदीच्या पलीकडे. पुराच्या दिवसात मशीन उघडूच नकोस, असं मी सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून खिशातल्या हाताचं तेवढं ऐक.

पहिल्यांदा करंट देताना लाइनमध्ये सिरीज लॅम्प हवा. १०० वॅटचा, पिवळ्या उजेडाचा, आत तार असलेला जुना बल्ब. एलईडी इथे काही कामाचा नाही. व्हॉल्व्ह न बसवता चालू कर. बल्ब क्षणभर भडकून विझत आला तर ठीक, तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद कर आणि शोध. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून पुढे जाऊ नकोस, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच फ्यूज होईल. व्हॉल्व्ह नसताना व्होल्टेज चढलेला दिसतो. २५०-०-२५० चा ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना साडेतीनशेला जातो, म्हणून कंडेन्सर ४५० व्होल्टचेच घ्यायचे. बल्ब लाइनमध्ये असताना घेतलेले बाकीचे आकडे खरे धरू नकोस. तुमच्याकडच्या पावसाळ्यात मशीन महिनाभर पडून राहिलं असेल, तर थोडा वेळ बल्बवरच चालव. ट्रान्सफॉर्मरच्या कागदात शिरलेली ओल निघू दे.

स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह बसवून वाजवायचं नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत जळतो, आणि मशीनमधल्या महागड्या भागांपैकी तो एक.

व्हॉल्व्ह पेटत नाही म्हणून फोन येतो तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा होल्डर उलटा वाचलेला असतो. पिना खालून, डाग द्यायच्या बाजूने, घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. ईसीसी ८३ चा हीटर ६.३ वर चालवताना चार आणि पाच एकत्र, दुसरी तार नऊला. ईएल ८४ ला मात्र चार आणि पाच याच दोन वेगळ्या पिना. दोघांची वायरिंग सारखी करून टाकली की एक पेटतो, दुसरा रुसतो.

सगळं पेटलं की ज्या एका आकड्यावर मी मशीनची तब्येत ओळखतो तो मोज: आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडचा. ईएल ८४ एकटा असेल, प्लेटला अडीचशे आणि कॅथोडला १३५ ओहम, तर पिन तीनवर सात-सव्वासात व्होल्ट यायला हवेत. व्होल्टला ओहमने भाग, करंट निघाला: ५४ मिलिअँपच्या आसपास. त्यातले पाच-सहा स्क्रीनचे, उरलेले प्लेटचे. त्याला अडीचशेने गुण; बारा वॅट, आणि तीच ह्या व्हॉल्व्हची हद्द. रशियन सहा पी चौदा पी लावलास तरी हाच हिशेब. पिन तीनवर शून्य आलं तर बहुधा व्हॉल्व्ह करंट ओढत नाही. हीटर आणि स्क्रीनचा व्होल्टेज बघ. बारा-तेरा आले, प्लेट लालसर दिसू लागली, तर ताबडतोब बंद. मग पुन्हा थोडा वेळच चालू करून पिन दोनचा व्होल्टेज बघ. तिथे डीसी शून्य हवा. प्लस दिसला तर आधीच्या टप्प्याकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय. मशीन बंद करून, कंडेन्सर रिकामे करून त्याचा एक पाय सोडव आणि परत मोज. शून्यावर आलं तर चोर सापडला, आणि तुझा व्हॉल्व्ह वाचला. गिटारवाली पोरं व्हॉल्व्हच्या कंपनीवर तासन्‌तास बोलतात. मी म्हणतो, आधी पिन दोन सांग.

घूंघूं ऐकताना गिटार हातात घे. जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा सूर ९८ हर्ट्झचा असतो. घूं त्याच्याशी जवळजवळ जुळली तर ती १०० ची, म्हणजे पॉवर सप्लायकडची. मोठा कंडेन्सर किंवा त्याचं अर्थिंग तपास. त्याच्या खालच्या सप्तकात घुमत असेल तर ५० ची, म्हणजे हीटरच्या तारा, इनपुटची वायर किंवा अर्थिंगचा घोटाळा. हीटरच्या दोन्ही तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून ने. ट्रान्सफॉर्मरच्या हीटरच्या गुंडाळीला मधली तार नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स दोन्ही बाजूंनी चासीला दे. मग व्हॉल्यूम फिरव. घूं कमी-जास्त झाली तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, नाही झाली तर नंतर. अर्धं मशीन असं एका बटनाने बाद होतं.

चालू करताच किंचाळत असेल तर घाबरू नकोस. स्पीकरकडून मागे आणलेली फीडबॅकची तार सोड. किंचाळणं थांबलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत. अदलाबदल कर, फीडबॅक परत जोड.

खरखर शोधायला बांबूची कामटी वापर. तुमच्याकडे तिला काय तोटा! एकेक डाग, एकेक होल्डर हलकेच टोकत जा. जिथे कडकडतं तो डाग कोरडा. कामटी मात्र खडखडीत वाळलेली हवी, ओल्या बांबूतून करंट येतो.

दिवाळीनंतर धान निघालं की मंडया आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात. तिथल्या संगीतात घुसायचा तुझा बेत मला कळला आहे. तिथे रात्रभर जनरेटर, आणि अर्थिंगचा पत्ता नाही. गिटारच्या तारा म्हणजे तुझ्या अँपची चासीच. गाण्यासाठी तोंड माइकजवळ नेण्याआधी मीटर एसीवर लाव, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एखाद-दुसरा व्होल्ट चालेल. वीस-तीस दिसले तर ओठ लावू नकोस. तुझा अँप आणि माइकचं मशीन तीन पिनांच्या एकाच बोर्डावर घ्यायला सांग आणि परत मोज. साउंडवाला कुरकुरेल. कुरकुरू दे.