किती दाबाला, किती तापमानाला?

आमच्या भडगावच्या जमिनीखाली कोळसा नाही, काळा पाषाण आहे. कोळसा दिसतो तो कजगाव स्टेशनातून एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे धडधडत जाणाऱ्या मालगाड्यांत. तरी माझी उमेदीची वर्षं गेली ती कोळशाच्या भुकटीत मिथेन किती मावतो हे मोजण्यात. त्यातून हाती लागलेलं हे थोडंफार.

१. चिमटीभर भुकटीत शेत मावतं. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये बारीक छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या वर भरतं, म्हणजे दहा गुंठे. खाणीतल्या कोळशाचं बरंच कमी. मिथेन या भिंतींना नुसता चिकटून असतो, रासायनिक बंध नसतो. यालाच अधिशोषण म्हणतात. हे मी गावी नानांना रंगवून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मंग सातबारा कोना नाववर शे?" माझी सगळी विद्वत्ता तिथेच संपली.

२. दाब वाढवून सगळं साधत नाही. दाब दुप्पट केला की गॅसही दुप्पट बसेल, असा माझा भाबडा हिशेब होता. सुरुवातीला तो जवळपास खराही ठरतो. मग भिंतींवरच्या जागा भरत जातात आणि आलेख आडवा व्हायला लागतो. ८० बारवरून ९० वर गेलं तर पदरात जेमतेम काही पडतं. लँगम्यूरने १९१८ मध्येच हे सूत्रात बसवलं होतं. मला ते सूत्र पाठ होतं, पण आपल्या हाताने काढलेली रेघ वाकताना पाहिली तेव्हा ते पटलं.

३. ऊब मिळाली की पकड सुटते. चिकटताना मिथेन थोडी उष्णता बाहेर टाकतो, म्हणून बाहेरून उष्णता दिली की तो सुटू लागतो. ५० अंशांचा आलेख ३० अंशांच्या खालीच राहतो. मे महिन्यात मात्र हे शास्त्र अंगावर यायचं. खोलीने चाळिशी ओलांडलेली, आणि पोलादी नळकांडी ज्यात बुडवलेली ते पाणी ३० वरच राखायचं. पाणी जरा तापलं की दाबाचा काटा सरके, आणि करणी कोळशाची की उन्हाची हे कळेना. खान्देशातल्या माणसाने हे काम निवडावं, यालाच नशीब म्हणायचं.

४. जमिनीत दोघं एकदमच वाढतात. प्रयोगशाळेत तापमान स्थिर ठेवून दाब बदलता येतो, निसर्ग अशी सोय करत नाही. दर १०० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे १० बारने वाढतो आणि तापमान साधारण अडीच-तीन अंशांनी. वरच्या थरांत दाबाचं चालतं. खोल गेल्यावर दाबाचा आलेख आडवा झालेला असतो, उष्णता मात्र वाढतच असते. त्यामुळे कोळशाची गॅस धरायची क्षमता आधी वाढते आणि पुढे उतरते. जितकं खोल तितकं समृद्ध, हा माझा आवडता समज होता. तो गेला.

५. कोरडा कोळसा फक्त बरणीत असतो. जमिनीतला ओला असतो, आणि गॅसच्या बऱ्याच जागा पाण्याने आधीच अडवलेल्या असतात. म्हणून भुकटी पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणावर बंद भांड्यात ठेवून आधी ओलावा मुरू द्यायचा. मग पुढे दाबाच्या प्रत्येक टप्प्याला काटा थांबेपर्यंत तासन् तास बसायचं. मी स्वभावाने उतावळा. बारीक छिद्रांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

६. घेण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं. राणीगंजला कोळशातला मिथेन काढताना विहिरीतून आधी पाणी उपसतात. दाब उतरतो, मग गॅस निघतो. खाणीत हेच सुटणं जिवावर येतं, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. कजगावहून जाणाऱ्या वाघिणीतल्या कोळशाने मात्र आपला बहुतेक गॅस वाटेतच हवेला देऊन टाकलेला असतो.

७. आता पोरं विचारतात, "सर, गॅस साठवायला पऱ्हाटीचा कोळसा चालेल का?" चालेल. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळून राख करण्याऐवजी हवेविना भाजायची, मग वाफेने किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडने छिद्रं उघडायची. सीएनजीला २०० बारच्या आसपास दाब लागतो, असा कार्बन भरलेल्या टाकीत ३५ बारलाही बराच गॅस बसतो. पण भरताना ही टाकी स्वतःच तापते, म्हणून कमी घेते. रिकामी होताना गार पडते, म्हणून शेवटचा गॅस सोडत नाही. त्यामुळे "आमचा कार्बन भरपूर गॅस धरतो" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, किती दाबाला, किती तापमानाला? आणि भडगावच्या मे महिन्यात मोजलंय का?